टेबलावरचा पोकळ कॉम्प्युटर

प्रश्न थोडक्यात असा: नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरची काही वर्षं ठाण्यातल्या, वाशीतल्या फर्निचरच्या दुकानांत कॉम्प्युटर टेबलांवर खोटे कॉम्प्युटर मांडलेले असत. ते कोण बनवायचं, दुकानदार खरे का ठेवत नव्हते, ते गेले कुठे, त्यांची आठवण अजून का येते, आणि हौसेनं घरी ठेवायला एखादा मिळेल का?

मी ठाणे आणि नवी मुंबईत शोरूमची मांडणी करते, तेव्हाही हेच काम करत होते. या डमी मी बनवून घेतल्या, मांडल्या, पुसल्या, टेम्पोत घालून एका दुकानातून दुसऱ्या दुकानात हलवल्या. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

बहुतेकांना वाटतं, कारण फक्त पैशाचं होतं. पैशाचं होतंच. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सुटे भाग आणून जोडून घेतलेला पीसीसुद्धा तेव्हा ३५-४० हजारांच्या घरात जायचा आणि ज्या टेबलावर तो ठेवायचा ते टेबल दोन-तीन हजारांचं. टेबल विकण्यासाठी त्याच्या दहापटीहून जास्त किमतीची वस्तू त्याच्यावर धूळ खात ठेवायला कोणता शेठ तयार होईल? शिवाय चोरी. अख्खा कॉम्प्युटर उचलून कोणी नेत नसे, पण तेव्हाच्या माऊसच्या पोटात एक फिरता गोळा असे, तो हमखास जायचा. शाळकरी पोरं माऊस उलटा करायची, झाकण फिरवायची, गोळा खिशात. खरा माऊस ठेवलेला, पण आत गोळा नाही, अशी टेबलं मी कितीतरी पाहिली आहेत.

विजेचा हिशोबही होता. काचेच्या नळीचा, म्हणजे सीआरटी मॉनिटर आणि सीपीयू मिळून दीडशे-दोनशे वॅट सहज खायचे. दहा टेबलांवर दहा चालू कॉम्प्युटर ठेवले तर दोन किलोवॅटपर्यंत भार आणि तो व्यापारी दरानं. वर उष्णता, म्हणजे एसी असेल तर त्याचंही बिल. त्यात मुंबई शहरात वीज जात नसली तरी इकडे ठाणे-नवी मुंबईत महावितरणचं राज्य. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनानं दुकानं दुपारची अंधारात बसायची. खरे मॉनिटर काळे पडायचे आणि डमीच्या पडद्यावरचा छापील आलेख मात्र दारातून येणाऱ्या उजेडात चढताच राहायचा. डमीवरचा आलेख नेहमी चढताच असे, हे तुमच्याही लक्षात असेल. पडता आलेख छापून घेणारा दुकानदार मला भेटलेला नाही.

पण ही सगळी दुय्यम कारणं. खरा कॉम्प्युटर फुकट मिळाला असता तरी आम्ही डमी ठेवलीच असती, कारण ती मापाची वस्तू होती.

तेव्हा गिऱ्हाईक कसं यायचं ते आठवा. दहावी-बारावीचा निकाल लागलेला, मुलाला किंवा मुलीला कॉम्प्युटर घ्यायचं घरात ठरलेलं. कॉम्प्युटर अजून आलेला नाही. तो ओळखीचा कोणी मुलगा जोडून देणार, कधी ते नक्की नाही. टेबल मात्र आईवडील येऊन बघून जाणार, कारण टेबल ही त्यांना समजणारी वस्तू. त्यांचा एकच प्रश्न असायचा: "यात बसेल ना?" घरी ठेवायची वस्तू आपण अजून धड पाहिलेलीही नाही आणि तिच्यासाठी लाकडाची चौकट विकत घ्यायची, अशी परिस्थिती. डमी या एका प्रश्नाचं उत्तर होती.

आणि प्रश्न साधा नव्हता. १५ इंची सीआरटी मॉनिटरची खोली ३८ ते ४० सेंटीमीटर, १७ इंचीची त्याहून जास्त. उभ्या सीपीयूची उंची साधारण ४२ सेंटीमीटर, खोली ४५ च्या आसपास. कीबोर्ड ४५ सेंटीमीटर रुंद आणि शेजारी माऊस फिरवायला किमान २० हवेत. आता ४५ सेंटीमीटर खोलीचं चाकांचं टेबल घ्या. त्यावर मॉनिटर ठेवला, मागे वायरींना जागा सोडली, की एकतर पडदा नाकाला लागतो किंवा मॉनिटरचं ढुंगण टेबलाबाहेर येतं आणि टेबल भिंतीला टेकत नाही. सिडकोच्या छोट्या घरांत, जिथे हॉलमध्येच दिवाण, टीव्ही आणि शिवणयंत्र, तिथे भिंतीपासून वीतभर पुढे आलेलं टेबल म्हणजे वाट अडलीच. कोपऱ्यात बसणारी तिरकी टेबलं त्या काळात का निघाली ते यावरून कळेल. मॉनिटरची शेपटी भिंतींच्या कोपऱ्यात जायची, जागा वाचायची. पडदे सपाट झाले आणि ती टेबलं बाजारातून गेली, तीही कोणाला न कळता.

म्हणून आमच्या धंद्यात चांगली डमी म्हणजे दिसायला हुबेहूब डमी नव्हे. मापाला पक्की ती चांगली. रंग थोडा इकडेतिकडे, बटणं रंगवलेली, फ्लॉपीची खाच नुसती कोरलेली, सगळं चालायचं. खोली दोन सेंटीमीटरनं कमी निघाली तर मात्र मी ती परत पाठवायचे. गिऱ्हाईक टेपनं मोजत नसलं तरी डोळ्यानं मोजतं.

बनवण्याचे तीन प्रकार होते. पहिला, सगळ्यात स्वस्त: पन्हळी पुठ्ठ्याचा. खोकी बनवणाऱ्यांकडूनच डाय मारून, म्हणजे पात्याच्या साच्यानं कापून, वर छापील कागद चिकटवून यायचा. सपाट गठ्ठ्यात येतो, दुकानात घडी उभी करायची. अमेरिकेतल्या ऑफिस-सामानाच्या मोठ्या दुकानांच्या आठवणी काढणारे लोक बहुधा याच प्रकाराबद्दल बोलत असतात. आपल्याकडे तो एका पावसाळ्यापुरता. जुलैच्या दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो, कडा सुटतात, मॉनिटर एका बाजूला कलतो.

दुसरा प्रकार व्हॅक्यूम फॉर्मिंगचा आणि तुम्हाला आठवतो तो बहुधा हाच. वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे या औद्योगिक पट्ट्यात मिठाईच्या डब्यातले ट्रे, पॅकिंगचे कप्पे असलं काम करणारे गाळे होते. तिथे पॉलिस्टायरीन या प्लास्टिकची दीड-दोन मिलिमीटरची शीट चौकटीत पकडून तापवायची. मऊ होऊन ती मध्ये झोळीसारखी सुटली की खालून साचा वर आणायचा आणि साच्याच्या बारीक भोकांतून हवा ओढून घ्यायची. शीट साच्याला घट्ट बसते, गार झाली की उतरवायची, कडा कापायच्या. साचा लाकडाचा किंवा फायबरचा. यात एक खुबी आहे, तिच्यावरून खोटा मॉनिटर लांबून ओळखता येतो. साच्यावरून शीट सुटावी म्हणून बाजूंना दोन-चार अंशांचा उतार द्यावाच लागतो. त्यामुळे डमीची एकही बाजू काटकोनात नसते, सगळी किंचित आत झुकलेली. कोपऱ्यांवर शीट ताणून पातळ होते, म्हणून कोपरे गोलसर आणि पहिली चीर तिथेच. कीबोर्ड तर अख्खा एका शीटचा: बटणं दाबायला गेलात की सगळा कीबोर्ड मिळून दबतो आणि पोकळ टकटक होते. अक्षरांचा स्टिकर वरून लावलेला. त्यात अक्षरांचा क्रम चुकलेले कीबोर्डही येत आणि माझ्या आठवणीत कोणीही तक्रार केली नाही.

तिसरा प्रकार म्हणजे खऱ्याचं कलेवर. ऑफिसांनी जुनी यंत्रं काढली की रिकामी कॅबिनेटं आणि मेलेले मॉनिटर भंगारात यायचे. ते पुसून मांडायचे, पडद्यावर छापील चित्र चिकटवायचं. दिसायला सर्वांत उत्तम, उचलायला सर्वांत वाईट.

वजनाशी येऊन पोचलो, कारण डमीचं खरं पाप तिथे होतं. मापात ती खरी होती, वजनात खोटी. १५ इंची सीआरटी मॉनिटर १२ ते १४ किलोंचा. प्लास्टिकची डमी फार तर किलोभर, छताचा पंखा जोरात लावला तर सरकायची. टेबलांच्या वरच्या फळ्या पार्टिकल बोर्डच्या आणि स्वस्त टेबलांत १८ ऐवजी १२ मिलिमीटरच्या. दुकानात वर्षभर त्या फळीवर किलोभर ओझं, फळी सरळसोट. गिऱ्हाइकाच्या घरी तीच फळी चौदा किलोंखाली काही महिन्यांत मध्ये झुकायची आणि पावसाळ्यात ओल धरली की झुकलेली फळी परत सरळ होत नाही. पार्टिकल बोर्ड म्हणजे भुसा आणि गोंद दाबून केलेली फळी. ती एकदम मोडत नाही, हळूहळू वाकते आणि हे हळूहळू वाकणं शोरूममध्ये दिसणारच नाही याची सोय डमीनं करून ठेवलेली होती.

मी डमीच्या पोटात विटा ठेवायचे. तीन-चार विटा वर्तमानपत्रात गुंडाळून, खाली चिकटपट्टी. खऱ्या वजनाच्या जवळपास जाता येतं, पंख्यानं सरकत नाही आणि फळी कच्ची असेल तर ती दुकानातच दिसते. काही शेठ खूश व्हायचे, कारण त्यांचा माल चांगला होता आणि ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "मॉनिटर उचलून बघा." काहींनी पुढच्या खेपेपर्यंत विटा काढलेल्या असायच्या. कुठल्या दुकानातली टेबलं घ्यावीत हे ओळखीच्या लोकांना सांगताना मला एवढा पुरावा पुरत असे.

वायर आणि उष्णता यांतही डमी लबाडच. तिला एकही वायर नाही, म्हणून टेबलाला मागे भोक नसलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही. सीपीयूचा कप्पा मागून बंद असला तरी डमी तापत नाही. घरी गेल्यावर मात्र सुतार बोलावून भोकं पाडून घ्यावी लागायची. आणि माऊस! कित्येक टेबलांच्या सरकत्या ट्रेवर फक्त कीबोर्डपुरती जागा होती. अशा टेबलावर दुकानदार डमीचा कीबोर्ड ठेवायचा आणि माऊस वर, मॉनिटरच्या बाजूला, शोभेसाठी. तसा माऊस वर दिसला की ओळखावं.

पडद्यांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. विंडोज एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरमध्ये आलं आणि त्याच्यासोबतचं हिरव्या टेकडीचं चित्र थोड्याच काळात प्रत्येक डमीच्या पडद्यावर चढलं. ते चार्ल्स ओरियर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात काढलेलं खरं छायाचित्र आहे, संगणकावर बनवलेलं नव्हे. आता छपाई चार शायांची: सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबीसर), पिवळी आणि काळी. उन्हात पिवळी आणि मॅजेंटा आधी उडतात, रंगीत शायांत सायन सर्वांत चिवट. हिरवा रंग सायन आणि पिवळीच्या मिश्रणातून येतो. दुकानाच्या काचेजवळ ठेवलेल्या डमीतली पिवळी उडाली की टेकडी निळी व्हायची. ठाण्यातल्या राम मारुती रोडला तोंड करून ठेवलेले पडदे निळे आणि आतल्या भिंतीजवळचे हिरवे, असं एकाच दुकानात दिसायचं. कोणती डमी किती काळ काचेजवळ आहे ते मी टेकडीच्या रंगावरून सांगू शकत होते. प्लास्टिकचंही तसंच. पॉलिस्टायरीन उन्हात पिवळं पडतं आणि कडक होऊन तडकतं.

दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, त्यात या बिचाऱ्या सुटायच्या नाहीत. दुकानातली पोरं बिलिंगच्या खऱ्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावायची आणि ताट तसंच पुढे नेत सगळ्या डमींनाही लावायची, झेंडूचं फूल वर. हळद पॉलिस्टायरीनवरून सहज जात नाही. दिवाळीपर्यंत मॉनिटरच्या कपाळावर पिवळा ठिपका राहायचा. एका काकांनी तो बघून मला विचारलं होतं, "म्हणजे हा वापरलेला आहे का?"

गेल्या कुठे? सपाट पडद्यांनी घालवल्या. एलसीडी स्वस्त झाले आणि टेबलाला खोली, उंची, भार यांतलं काहीच सिद्ध करून दाखवायची गरज उरली नाही. मग लॅपटॉप आले. लॅपटॉप कुठेही बसतो, त्यामुळे "बसेल ना?" हा प्रश्नच संपला. प्रश्न संपला तशी डमीची नोकरी संपली. बऱ्याचशा भंगारात गेल्या, पुठ्ठ्याच्या रद्दीत.

डमी हा प्रकार मात्र संपला नाही, तो घरात शिरला. ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नवी मुंबईत खारघरला बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट बघायला जाल तेव्हा भिंतीवरचा टीव्ही हातानं वाजवून बघा. पुष्कळदा ती काळी ॲक्रिलिकची पाटी असते. टेबलावरचा लॅपटॉप प्लास्टिकचा, पुस्तकं नुसत्या पाठी. आणि इथे गणित उलटं झालं आहे. जुनी डमी मापाला खरी होती, नवी डमी नेमकी मापातच खोटं बोलते. १६:९ आकाराचा ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटीमीटर रुंद असतो, ५५ इंची १२२. भिंतीवर ३२ इंचीच्या मापाची, म्हणजे ७१ सेंटीमीटरची पाटी टांगली की तीच भिंत ऐसपैस वाटते. काही ठिकाणी पलंगही नेहमीपेक्षा आखूड बनवून ठेवलेला असतो, त्यावर आडवं होऊन बघायचा संकोच करू नका. टेप घेऊन जा आणि सर्वांत आधी टीव्ही मोजा. मी स्वतः ही कामं करते, पण आखूड पलंगाचं काम घेत नाही. त्यावरून काही कामं हातची गेली आहेत, जाऊ देत.

आठवण का येते, हेही तुम्ही विचारलं आहे. याचं उत्तर माझ्या धंद्याबाहेरचं आहे, तरी जे पाहिलं ते सांगते. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला बाहेर काढून जायचं, एका यंत्रावर तिघं, आणि सर म्हणतील तेवढंच बटण दाबायचं. घरी आला तर त्यावर कापडी आवरण आणि दादाची परवानगी. फर्निचरच्या दुकानात मात्र आईवडील भाव करत असताना मूल फिरत्या खुर्चीवर बसून अर्धा तास कीबोर्ड बडवू शकत होतं. काही बिघडणार नव्हतं, म्हणून आम्हीही ओरडत नव्हतो. त्या पोरांचे चेहरे मी पाहिलेत. ती खोटं-खोटं खेळत नव्हती, काम करत होती. एक मुलगी तर उठताना मॉनिटरचं रंगवलेलं बटण दाबून, तो बंद करून उठली.

आता मिळेल कुठे. जुन्या फर्निचरवाल्यांच्या माळ्यावर विचारा, ठाण्यातल्या गोखले रोड-नौपाड्याच्या बाजूची जुनी दुकानं आणि उल्हासनगरचा फर्निचर बाजार या दोन ठिकाणी मी पहिल्यांदा जाईन. ठाण्यात मालिकांची शूटिंग चालतात, त्या सेटना सामान पुरवणाऱ्यांकडेही निघण्याची शक्यता आहे, जुन्या काळातलं ऑफिस दाखवायला त्यांना ती लागते. मिळाली तर थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही लावू नका, पॉलिस्टायरीन विरघळतं. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. रंग द्यायचा तर पाण्यात कालवायचा. तडा झटपट गोंदानं जोडलात तर आजूबाजूला पांढरी झाक येते, ती जात नाही, म्हणून आतल्या बाजूनं पट्टी लावून जोडा.

भंगारातला खरा सीआरटी आणून तो पोकळ करण्याच्या फंदात मात्र पडू नका. नळीच्या आत निर्वात पोकळी असते, धक्क्यानं नळी फुटली तर काच आतल्या दिशेनं फुटून उडते. बंद असलेल्या नळीतही काही हजार व्होल्टचा भार साठलेला राहू शकतो. काचेत शिसं असतं. हे काम ज्याला येतं त्यानंच करावं आणि नळी ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावी.

त्यापेक्षा पुठ्ठ्याची नवीच करा, एका सुट्टीत होते. तीन पदरी पन्हळी पुठ्ठा, समोरची चौकट ३७ बाय ३७ सेंटीमीटर, खोली ३९, मागे निमुळती होत २० पर्यंत आणलेली. वर हवेच्या खाचा नुसत्या स्केचपेननं काढल्या तरी पुरे, दुकानांत तरी वेगळं काय होतं. पोटात विटा ठेवा. पडदा सपाट लावू नका, मधोमध बोटभर फुगवटा येईल अशी मागे पुठ्ठ्याची पट्टी वाकवून लावा, नाहीतर तो एलसीडी दिसेल. आणि चित्र केवढं छापायचं याची चिंता नको: १५ इंची सीआरटीचा प्रत्यक्ष दिसणारा पडदा १३.८ इंचांचाच असे, म्हणजे साधारण २८ बाय २१ सेंटीमीटर. ए-फोर कागद आडवा धरलात की दोन्ही बाजूंनी जेमतेम सेंटीमीटरभर कापावा लागतो. झेरॉक्सवाल्याकडून मॅट कागदावर प्रिंट काढा, चकचकीत नको, ट्यूबलाइट चमकते. कोपरे कात्रीनं गोल करा.